त्रैक्य आणि पंडिता रमाबाई : एका शंकेचा इतिहास

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन असून देव मात्र एकच, हा ख्रिस्ती धर्मातील त्रैक्याचा सिद्धान्त. ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला तो समजण्याआधी सवयीचा होतो. मूल बोलू लागण्यापूर्वी त्याचा बाप्तिस्मा या तीन नावांनी झालेला असतो. कपाळ, छाती आणि दोन्ही खांदे यांना हात लावून क्रुसाची खूण करताना तो ही तीन नावे उच्चारतो. जेवणापूर्वी, प्रवासाला निघताना, आजाऱ्याच्या उशाशी आणि शेवटी थडग्यावर माती लोटतानाही तीच नावे येतात. त्यांचा अर्थ काय, असा प्रश्न अशा माणसाला बहुधा पडत नाही. तो बाहेरून येणाऱ्याला पडतो, आणि येणारा शास्त्र जाणणारा असेल तर तो प्रश्न सहजासहजी मिटत नाही.

असे एक बाहेरून आलेले माणूस म्हणजे पंडिता रमाबाई. रमाबाईंचे धर्मांतर, शारदा सदन, टिळकांच्या 'केसरी'ने केलेली टीका, केडगावचे मुक्ति मिशन या गोष्टी मराठी वाचकाला ठाऊक आहेत. १८८५ च्या सुमारास इंग्लंडात त्यांनी त्रैक्यासंबंधी जो वाद घातला, त्याकडे मात्र आपल्याकडे एक उपकथानक म्हणूनच पाहिले जाते. आम्हाला ते मुख्य कथानक वाटते. परदेशात, परक्या भाषेत आणि परक्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या एका विधवेने आपल्या आश्रयदात्यांना सांगितले की, तुमचा धर्म मी स्वीकारला आहे, पण त्याचे हे वाक्य मला मान्य नाही. त्या काळी असे सांगण्याची किंमत काय होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढची रमाबाई नीट कळत नाही.

आधी त्या वाक्याविषयी. 'त्रैक्य' हा शब्द बायबलमध्ये कोठेही येत नाही. लॅटिनमधील 'त्रिनितास' हा शब्द इ. स. २०० च्या आसपास कार्थेजच्या टर्टुलियनने रूढ केला, आणि तिघांपैकी प्रत्येकासाठी 'पर्सोना' हा शब्दही त्यानेच वापरला. पर्सोना म्हणजे मुळात नटाचा मुखवटा, त्यावरून पात्र. ज्या अर्थापासून ख्रिस्ती मंडळीला दूर राहायचे होते, नेमका तोच अर्थ या शब्दाच्या पोटात होता. एकच नट तीन सोंगे घेतो त्याप्रमाणे एकच देव तीन रूपांनी प्रकटतो, हे मत सॅबेलियसच्या नावाने ओळखले जाते आणि मंडळीने ते नाकारले. आपल्याकडच्या माणसाला मात्र हेच मत सर्वांत सोपे आणि स्वाभाविक वाटते. दुसऱ्या टोकाला अलेक्झांड्रियाचा एरियस होता. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, म्हणून त्याच्याहून कमी, असे तो म्हणे. ३२५ साली निकेया येथे भरलेल्या परिषदेने त्याचे मत फेटाळून पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरविले. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने पवित्र आत्म्याविषयीचे सूत्र अधिक स्पष्ट केले. 'एकतत्त्व' या अर्थाचा जो ग्रीक शब्द निकेयाने निवडला, तोही बायबलात नव्हता, आणि त्या एका शब्दावरून पुढे अर्धे शतक बिशप हद्दपार होत राहिले.

आता मराठीकडे पाहू. 'पर्सोना'ला 'व्यक्ती' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तीन माणसे उभी राहतात. 'रूप' म्हटले की सॅबेलियस येतो, आणि 'मूर्ती' म्हटले की ब्रह्मा, विष्णू, महेश. हा घोटाळा उलट दिशेनेही झालेला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस टॉमस मॉरिस या इंग्रज लेखकाला घारापुरीच्या तीन मुखांच्या शिवमूर्तीत ख्रिस्ती त्रैक्याचीच पुसट आठवण दिसली. ती मूर्ती सदाशिवाची, तिची तिन्ही मुखे शिवाचीच, पण एकदा तीन हा आकडा दिसला की विद्वानांनाही मोह आवरत नाही! त्या मानाने फादर स्टीफन्स अधिक सावध म्हटले पाहिजेत. १६१६ साली राचोल येथे छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त त्यांनी देवाला परमेश्वर म्हटले, स्वर्गाला वैकुंठ म्हटले, ओवी घेतली, मंगलाचरण घेतले, पण पवित्र आत्म्याला मात्र 'स्पिरित सांत' असेच राहू दिले. जो माणूस वैकुंठ बिनदिक्कत घेतो, तो 'आत्मा' हा शब्द घेताना थांबतो, यात आम्हाला मोठी भाषिक जाण दिसते. आत्मा म्हटल्यावर ओवी ऐकणाऱ्याच्या मनात ज्ञानेश्वरी जागी होणार, आणि मग हा तिसरा कोण, हे सांगणे अवघड होणार. पुढच्या मराठी अनुवादकांनी 'पवित्र आत्मा' स्वीकारला. आज तो इतका रुळला आहे की त्यातली अडचण कोणाला जाणवतही नाही.

रमाबाईंना ती जाणवणे अटळ होते. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरात त्यांचे शिक्षण संस्कृतात झाले. पुराणे सांगत हिंडणाऱ्या कुटुंबात त्या वाढल्या. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेल्यावर त्या भावासह पायी फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचल्या. तिथे त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या आणि ब्राह्म समाजाचा सहवास घडला. त्या सहवासात अनेक देवांवरील विश्वास गळून पडला आणि एकच निराकार ईश्वर उरला. हा एकेश्वर त्यांना वारशाने मिळालेला नव्हता, तो त्यांनी कमावलेला होता.

त्या वेळच्या कलकत्त्यात त्रैक्याचा वादही जुनाच होता. १८२० साली राममोहन रॉय यांनी येशूच्या नीतिवचनांचा संग्रह काढला, त्यात चमत्कार आणि गूढ सिद्धान्त वगळले, आणि श्रीरामपूरच्या जोशुआ मार्शमनशी त्यांचा दीर्घ वाद जुंपला. या वादातली आम्हाला सर्वांत आवडणारी गोष्ट व्याकरणाची आहे. राममोहन आणि विल्यम अॅडम हा बॅप्टिस्ट मिशनरी शुभवर्तमानांच्या बंगाली अनुवादाला बसले असता योहानाच्या पहिल्या अध्यायातल्या एका ग्रीक शब्दयोगी अव्ययावर अडले. सर्व काही पुत्राने निर्माण झाले की पुत्राच्या द्वारे? पहिल्या अर्थाने पुत्र कर्ता ठरतो, दुसऱ्याने साधन. अॅडमला दुसरा अर्थ योग्य वाटला, आणि १८२१ साली मिशनरीच त्रैक्य सोडून बसला. पुढे १८८२ साली केशवचंद्र सेनांनी याच शहरात त्रैक्यावर व्याख्यान देऊन पिता, पुत्र, आत्मा यांची सत्, चित्, आनंद यांच्याशी सांगड घातली. ब्रह्मबांधव उपाध्यायांनी १८९८ साली सच्चिदानंदाचे संस्कृत स्तोत्र रचून तीच वाट पुढे नेली. ही वाट सुंदर आहे, पण ती वेदान्त्याची आहे. रमाबाई तिच्याकडे वळल्याचे दिसत नाही, आणि याचे कारण, आमच्या मते, त्यांचा वेदान्तावर रोष होता हेच. ज्या तत्त्वज्ञानाने बाईला काही दिले नाही, त्याची परिभाषा घेऊन नव्या देवाची ओळख करून घेणे त्यांना रुचणारे नव्हते.

त्या ख्रिस्ती झाल्या त्या कशाने, हे त्यांनी स्वतःच १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत सांगितले आहे. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाकडे राहिल्या. याच संघाची शाखा पुण्यात पंचहौद मिशनमध्ये होती (१८९० च्या चहाच्या ग्रामण्यामुळे हे नाव आपल्याकडे वेगळ्याच कारणाने अजरामर झाले आहे). लंडनच्या फुलम भागात या भगिनी 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा करीत. ते काम पाहून रमाबाई थक्क झाल्या. आपल्या शास्त्रांत अशा बाईला प्रायश्चित्त आणि शिक्षा होती, आणि इथे तिला बरे करून उभे केले जात होते. हे कशामुळे, असे त्यांनी विचारले तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचून दाखविला. त्यात येशू विहिरीवर एका शोमरोनी बाईशी बोलतो. ती परजातीची, आणि तिचे पाच नवरे झालेले.

तो अध्याय मुद्दाम पुन्हा वाचून पाहावा. खरी उपासना कोणत्या डोंगरावर करावी, असे ती बाई विचारते. उत्तरात पित्याची उपासना येते, ती आत्म्याने आणि खरेपणाने करण्याची गोष्ट येते, आणि सांगणारा समोर बसून तिच्याकडे पाणी मागत असतो. तिन्ही नावे तिथे आहेत, पण तत्त्व नाही, संख्या नाही, 'व्यक्ती' हा शब्द नाही. आहे ती विहीर, तहान आणि एक बोलणे. रमाबाई त्रैक्याला भेटल्या त्या अशा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. आईचे नाव मेरी रमा झाले.

पुढे त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या. प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी मोकळेपणाने बोलता येई. इथे शंका वर आली. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात अथानेसियसच्या नावाने ओळखला जाणारा एक मतांगीकार आहे. अथानेसियसचा त्याच्याशी संबंध नाही. तो त्याच्यानंतर बऱ्याच काळाने, बहुधा दक्षिण गॉलमध्ये, लॅटिनमध्ये रचला गेला. त्यात त्रैक्याची सूत्रे एकापाठोपाठ एक येतात, आणि ती पूर्णपणे न मानणाऱ्याचा नाश होईल असेही त्यात बजावलेले आहे. नाताळ, पुनरुत्थानदिन, त्रैक्याचा रविवार अशा सणांच्या दिवशी तो मंडळीने म्हणावा असा नियम होता. खुद्द इंग्लंडातच १८७० च्या दशकात यावरून मोठे वादळ उठले होते, म्हणजे रमाबाई काही जगावेगळे बोलत नव्हत्या. पण इंग्रज धर्मगुरूने घेतलेली शंका ही विद्वत्ता ठरे, आणि नव्याने ख्रिस्ती झालेल्या हिंदू बाईची शंका हा गर्व.

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. त्यांनी खरोखरच गर्वाचा ठपका ठेवला. त्यांची भूमिका सहानुभूतीने समजून घेतली पाहिजे. त्यांच्या दृष्टीने त्रैक्य हा वादाचा विषय नव्हता, ती प्रार्थनेची हवा होती. श्वास घेणाऱ्याने हवेचे पृथक्करण मागावे, हे त्यांना कळेना. रमाबाईंना मात्र ती सूत्रे ऐकताना, आमचा तर्क असा की, घरचीच आठवण होत असावी. तीन आहेत पण एकच आहे, कळत नसेल तर गूढ आहे, आणि गूढ आहे म्हणून अधिकाऱ्याने सांगितले ते माना, ही मांडणी त्यांनी पुराणिकाच्या घरात पुष्कळ ऐकलेली होती. १८८५ च्या मे महिन्यात त्यांनी जेराल्डिन यांना जे पत्र लिहिले, ते त्यांच्या साऱ्या पत्रव्यवहाराचे शिखर आहे. ख्रिस्ताच्या मंडळीची मी सभासद आहे, पण धर्मगुरूंच्या आणि बिशपांच्या तोंडून निघणारा प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही. आपल्या देशातल्या पुरोहितवर्गाचे जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, आता तसलेच दुसरे जोखड घ्यायची माझी तयारी नाही, असा त्या पत्राचा आशय आहे.

त्रैक्य हे इथे निमित्त होते असे काही अभ्यासक म्हणतात आणि खरा वाद अधिकाराचा ठरवतात. अधिकाराचा वाद होता यात शंका नाही. रमाबाईंनी तरुण पुरुषांना शिकवू नये असे हिंदुस्थानातील बिशपांचे मत होते, मनोरमेला धर्मशिक्षण कोणी व कसे द्यावे यावरून तणाव होता, आणि गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, संस्कृत का नको, असाही प्रश्न रमाबाईंनी विचारला होता. पण निमित्त म्हणून सिद्धान्त बाजूला सारणे आम्हाला मान्य नाही. येशू स्वतः पित्याला आपल्याहून थोर म्हणतो, पित्याची प्रार्थना करतो, मग त्याला पित्याच्या बरोबरीचा कसा मानावे, हा प्रश्न शास्त्रवचनांच्या अर्थाचा आहे. तो एरियसने विचारला, राममोहनांनी विचारला आणि रमाबाईंनीही विचारला. संस्कृत शास्त्रार्थात मुरलेल्या बाईने वचनाचा आधार मागावा, यात निमित्त कसले? बील यांना हे कळले होते. हिला विचार करू द्या, घाई करू नका, असे त्या वाँटेजला समजावीत राहिल्या.

फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई इंग्लंड सोडून अमेरिकेला गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचे. तिथे त्यांना नाना पंथांची माणसे भेटली, आणि १८८७ साली बोस्टनमध्ये त्यांच्या कार्यासाठी जी संस्था निघाली, तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्या पंथाचे, धर्मगुरू होते. त्या पंथात सामील होण्याची वाट मोकळी होती, पण रमाबाई तिकडे गेल्या नाहीत. कोणत्याही पंथाचा शिक्का त्यांनी लावून घेतला नाही. स्वदेशी परतल्यावर या शिक्का नसण्याचा फायदा काहीच झाला नाही. १८९३ साली रानडे, भांडारकर यांनी शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. इंग्लंडात त्या पुऱ्या ख्रिस्ती नव्हत्या, पुण्यात त्या फारच ख्रिस्ती ठरल्या.

याच काळात त्यांच्या आतही काही घडत होते. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला पण ख्रिस्त सापडला नाही, ही जाणीव १८९१ च्या सुमारास त्यांना झाली, असे त्या साक्षीत लिहितात. त्यानंतर पवित्र आत्म्याचा शोध सुरू झाला. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांनंतर केडगावला शेकडो मुली आणि बायका आल्या. स्वतःचे कुटुंब दुष्काळात गमावलेल्या बाईने दुष्काळातल्या मुली वेचून आणल्या. जून १९०५ मध्ये तिथे ते प्रसिद्ध 'जागरण' झाले. मुली रात्र रात्र प्रार्थना करीत, रडत, मोठ्याने पापे कबूल करीत, कोणी आपल्या अंगात आत्म्याचा अग्नी पेटल्याचे सांगत. पेंटेकोस्टल चळवळीच्या जागतिक इतिहासात मुक्ति मिशनला आज मानाचे स्थान आहे. काही इंग्रज मिशनऱ्यांना हा आरडाओरडा खटकला. रमाबाईंनी तो थांबवला नाही. हिंदी माणूस दुःख आणि आनंद मोठ्याने व्यक्त करतो, त्याला इंग्रजी शिस्तीत बसवण्याचे कारण काय, हा त्यांचा विचार क्रुसावरच्या संस्कृताइतकाच जुना होता.

मग रमाबाईंनी शेवटी त्रैक्य मान्य केले काय? केडगावची प्रार्थना पिता, पुत्र आणि आत्मा यांच्या नावानेच होत असे, आणि उत्तरायुष्यातली त्यांची भाषा सनातन ख्रिस्ती श्रद्धेची आहे. यावरून जेराल्डिन जिंकल्या असे म्हणणे आम्हाला उथळ वाटते. १८८५ मध्ये त्यांच्यापुढे जे ठेवले होते ते एक वाक्य होते, आणि ते न मानल्यास शिक्षा होती. १९०५ मध्ये त्यांच्याजवळ जे होते ते अनाथ मुलींचा बाप, पतितेकडे पाणी मागणारा पुत्र, आणि दुष्काळातून आलेल्या, अक्षरशत्रू बाईच्याही तोंडी शब्द घालणारा आत्मा. तिन्ही नावे त्यांच्या कामात आली होती. त्यांचा परस्परसंबंध कसा, हे सांगणारे सूत्र त्यांनी रचले नाही. ना. वा. टिळकांनीही, निराळ्या वाटेने, असेच केले. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होतो, गुरू होतो, आणि वारकरी परंपरेत वाढलेल्या मराठी कानाला तत्त्वचर्चेची गरज वाटत नाही. दोघांत फरक असा की टिळकांना भाषा तयार मिळाली, रमाबाईंनी ती हट्टाने नाकारली आणि साधी मराठी शोधत बसल्या.

जेराल्डिन यांनी सारी पत्रे जपून ठेवली, त्यांची जुळणी केली, स्वतःवर टीका करणारी पत्रेही गाळली नाहीत. अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती १९७७ साली प्रसिद्ध केली, म्हणून हा वाद आज आपल्याला वाचता येतो.

आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी अनुवादाला दिली. त्यासाठी त्या ग्रीक आणि हिब्रू शिकल्या. खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी हवी, हा त्यांचा कटाक्ष होता. नवा करार १९१३ साली निघाला. संपूर्ण बायबल १९२४ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, मुक्ति छापखान्यातून बाहेर पडले. तिथे खिळे जुळविण्यापासूनची कामे बायकाच करीत. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी बाप्तिस्म्याची आज्ञा येते. तिच्यात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशी तीन नामे षष्ठीत आहेत, पण 'नाव' हा शब्द ग्रीकमध्ये एकवचनी आहे. मराठीत 'नावात' आणि 'नावांत' यांच्यात फरक एका टिंबाचा. निकेयापासून चाललेला सारा वाद त्या टिंबाशी येऊन उभा राहतो, आणि अनुवादकाला तिथे गूढ म्हणून सुटता येत नाही. टिंब द्यायचे की नाही, हे ठरवूनच खिळा उचलावा लागतो.